सुचिताचे केस आणि आमची लवकी

सुचिताचं वजन लवकीच्या रसानं उतरलं, असं भाजीबाजारात पहिल्यांदा तुळसाबाई बोलली. तुळसाबाई म्हणजे माझा धाकटा भाऊ नथ्थू याची बायको. वाशीमला लागून आमचा मळा आहे आणि मळ्यातली भाजी घेऊन ती आणि तिची सून सुचिता रोज सकाळी बाजारात बसतात. त्या दिवशी कोणा बाईनं सहज विचारलं, "काय वं तुळसाबाई, तुही सून एवढी कशी वायली?" वायली म्हणजे वाळली. तुळसाबाईच्या पुढ्यात तेव्हा न खपलेल्या लवक्या पडल्या होत्या. पुस्तकात ज्याला दुधी भोपळा म्हणतात ती आमची लवकी. तिनं त्यातली एक उचलली आणि म्हणाली, "ह्याचा रस. रोज सकायी, उपाशीपोटी." पुढ्यात वांगी असती तर तिनं वांगी उचलली असती.

खरी गोष्ट अशी की सुचिताच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जठराचा बराचसा भाग कापून काढला होता. उरलेल्या जठरात वाटीभर अन्न मावतं, मग माणसाला फार खाताच येत नाही आणि वजन उतरतं. सुचिताला साखर होती, गुडघे गेले होते, दम लागत होता. हे सगळं आमच्या घरात कोणाला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि त्यावर विनोद होत होते. नथ्थू पाहुण्यांसमोर म्हणायचा, "सून ट्रॉलीत बसली का टॅक्टर पुढून उठते." तिचा नवरा, म्हणजे माझा पुतण्या स्वप्निल, तिला गाडीवर मागे बसवायचा नाही. शॉकअप जातील म्हणायचा. त्याची गाडी आजही तशीच खडखडते. शॉकअप आधीपासूनच गेलेले होते.

शेवटी मेडशीहून तिचा भाऊ रविकांत आला. तिला घेऊन गेला आणि सगळं त्यानंच केलं. आमच्या घरानं फक्त एक अट घातली. कोणाला कळू द्यायचं नाही. "पोट कापून बारीक झाली म्हटलं तं लोकं हासतीन," नथ्थू म्हणाला. इतकी वर्षं तो स्वतः हसत होता, त्याचं त्याला काही नव्हतं. सून माहेरी गेली आहे, एवढंच बाजाराला सांगण्यात आलं.

मी हायस्कुलाच्या वाचनालयात होतो, आता निवृत्त आहे. लग्न माझं झालं नाही. मळ्यातल्या घराला लागून एक खोली आहे, तिथं मी पुस्तकं घेऊन असतो. मला घरात कोणी काही विचारत नाही आणि मीही काही सांगत नाही. तुळसाबाईचा मी भासरा, म्हणजे थोरला दीर. आमच्याकडे भावजय भासऱ्याशी समोरून बोलत नाही, त्यामुळे मला काही सांगायचं असलं की तुळसाबाई ते भिंतीला सांगते.

लवकीचा बोलबाला व्हायला फार दिवस लागले नाहीत. स्वप्निलनं सुचिताचा लग्नातला फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी लावून मोबाईलवर फिरवला. मग एक फलक रंगवायला घेतला. त्यावर "सुचिता लवकी, रस प्या, हलके व्हा" असं काहीतरी लिहायचं होतं. मजकूर तपासायला म्हणून त्यानं माझ्यापुढे धरला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून दिल्या. खोटं होतं ते तसंच राहू दिलं.

बाया येऊ लागल्या. भाजीवाल्यांच्या, मास्तरांच्या, वकिलांच्या. सगळ्यात आधी तनुजा मॅडम. या बाई एका शाळेत शिक्षिका आहेत आणि आपण शिकलेले आहोत हे त्या भाजी निवडतानासुद्धा विसरत नाहीत. त्या रोज दोन लवक्या नेत. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून स्वप्निलनं नवीन रीत पाडली. बाजार भरला की सुचितानं सगळ्यांसमोर ग्लासभर रस प्यायचा. "पी वं, मॅडम पाहून राह्यल्या," तुळसाबाई म्हणायची आणि सुचिता प्यायची. तो ग्लास पोटात गेला की दुपारपर्यंत तिला दुसरं काही खाता येत नसे. जागाच नसायची.

तिचे केस गळायला लागले ते याच सुमारास. आधी उशीवर, मग कंगव्यात, मग नुसता हात फिरवला तरी. सुचिताचे केस चांगले होते. आमच्या घरानं तिची कधी कुठली वाखाणणी केली असेल तर केसांचीच, आणि तीही "केसं तेवढे बरे हायेत" अशी. आता तिचा अंबाडा लसणाच्या गड्ड्याएवढा झाला. डोक्यावरचा पदर ती कपाळापर्यंत ओढून घेऊ लागली.

एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. "मोठे मामाजी, थ्या हॉस्पिटलच्या रेणू मॅडमले फोन लावून राह्यली मी. थ्या इंग्रजी बोलतेत मधातच. तुमी बसा न जराशीक."

रेणू मॅडम म्हणजे हॉस्पिटलातल्या, काय खावं ते सांगणाऱ्या बाई. सुचितानं फोनचा आवाज मोठा केला. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

"घाबरू नका सुचिताताई," रेणू मॅडम म्हणाल्या. "या ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळ जणींचे केस गळतात. शरीराला एकदम अन्न कमी पडलं की ते सगळ्यात आधी केसांकडे दुर्लक्ष करतं. मुळं जिवंत असतात. काही महिन्यांत परत येतात. पण प्रथिनं गेली पाहिजेत पोटात. मी पावडर लिहून दिली होती, ती घेता ना?"

पावडरचा डबा स्वप्निलनं कपाटात ठेवला होता. आल्यागेल्यानं पाहिला तर विचारेल म्हणून. आणि जिमला जाण्याआधी त्यातले दोन चमचे तो स्वतः दुधात घालून पीत होता. दंड भरण्यासाठी.

"बरं, सकाळी काय घेता?"

"लवकीचा रस. गिलासभर."

"कोणी सांगितला हा?"

सुचितानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं.

"घरचेच म्हनतेत," ती म्हणाली.

"बंद करा आधी. पोटात वाटीभर जागा, ती पाण्यानं भरून टाकता तुम्ही! पनीर, डाळ, मोड आलेली मटकी. अंडी चालतात का?"

अंडी तुळसाबाईच्या स्वयंपाकघरात चालत नाहीत. फोन ठेवल्यावर सुचिता पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या खोलीत शेगडी आहे." हे मी का बोललो ते मला कळलं नाही. मी आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अंडी आणू लागलो. पुस्तकांच्या थैलीत, खाली दोन जाड कोश आणि वर अंड्यांची पुडी. दुकानदार ओळखीचा निघाला. "सर, या वयात ताकद वाढवून राह्यले का?" असं त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं आणि मी बाहेर आलो, सुटे पैसे विसरून. सुचिता दुपारी पाणी आणून द्यायच्या निमित्तानं माझ्या खोलीत यायची आणि उभ्या उभ्या अंडी खायची. रस मात्र बंद झाला नव्हता, पण तो ती आता तोंडात धरून ठेवायची आणि गिऱ्हाईक वळलं की मागच्या नालीत टाकायची.

टरफलं मी कडुलिंबाच्या बुडाशी पुरत होतो. कुत्र्यानं उकरली. तुळसाबाईनं ती पाहिली आणि माझ्या दाराबाहेर उभी राहून भिंतीला म्हणाली, "मानसानं म्हातारपनी देवाचं नाव घ्यावं. लोकं भलतंच खाऊन राह्यले."

सुचिता आतच उभी होती, तोंडात अर्धं अंडं. मी खोकलो. म्हणजे कबूल केलं. तुळसाबाईनं त्या दिवसापासून माझं ताट वेगळं घासून ठेवायला सुरुवात केली.

केस नवीन फुटायच्या आधी जुने गळून जातात. त्याला कोणाचा इलाज नाही. आणि एका सकाळी बाजारात तराजू उचलताना सुचिताचा पदर सरकला.

शेजारी गोजराबाई बसते. तीही भाजी विकते, तिच्याही मळ्यात लवकी आहे, पण तिच्या लवकीला कोणी विचारत नव्हतं. ती कधीपासून डोळा ठेवून असावी. "बाई वं! सुचिता, तुह्यं डोस्कं दिसून राह्यलं न!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की पलीकडच्या रांगेतल्या कांदेवाल्यानं मान वर केली. "हे काय झालं? केसं कुठी गेले?"

"काही नाई मावशी. ऊन लागलं."

"उन्हानं केसं जातेत? मंग आमचे काहून नाई गेले? आमी का सावलीत बसून राह्यलो?"

तिथून पुढे जे झालं ते अगदी आमच्या गावाला शोभेल असं. काही काळापूर्वी बुलढाण्याकडच्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळाल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. कोणी पाण्याला दोष देई, कोणी गव्हाला. ते सगळ्यांच्या डोक्यात होतंच. रसानं वजन जातं हे ज्या बायांनी न तपासता मानलं होतं, त्यांनीच रसानं केस जातात हेही न तपासता मानलं. संध्याकाळपर्यंत घरोघरी कंगवे बघितले गेले. आणि कंगव्यात केस सापडले. कंगव्यात केस कोणाच्या सापडत नाहीत?

तनुजा मॅडम कागदाच्या पुडीत स्वतःचे केस घेऊन बाजारात आल्या. "हे बघा! हे एका सकाळचे आहेत. मी रोज दोन ग्लास घेत होते. तुम्ही काय फवारता त्या लवकीवर?"

"काही फवारत नाई मॅडम, देवाशप्पथ," तुळसाबाई म्हणाली.

"मॅडमचे तं मेंदीनं गेले असतीन," गोजराबाई मधेच म्हणाली. ती मदतीला आली असं वाटलं तेवढ्यात म्हणाली, "पन सुनेचे कायनं गेले थे सांगा न तुमी. आता तुमच्या पायी माह्या लवकीलेही कोनी हात लावून नाई राह्यलं."

लवकी खपेना. मग आमची वांगीही खपेनात, कारण पाणी एकाच विहिरीचं. फलक कोणीतरी शेण फेकून बरबटवला. ज्या फोटोंनी लवकी गाजवली होती तेच फोटो आता खाली वेगळा मजकूर घालून फिरू लागले, सुचिताच्या डोक्याभोवती लाल गोल काढून.

एका सकाळी ओसरीवर बैठक बसली. नथ्थू, तुळसाबाई, स्वप्निल. मी खोलीत होतो, दार उघडं होतं. सुचिता चुलीपाशी होती. तिच्याबद्दल बोलायचं होतं म्हणून तिला बोलावलं नव्हतं.

"खरं सांगून टाकावं का?" नथ्थू म्हणाला. त्याच्याकडून मी हे अपेक्षिलं नव्हतं. क्षणभर मला त्याच्याबद्दल बरंही वाटलं.

"येडे झाले का बाबा?" स्वप्निल म्हणाला. "खरं सांगतलं तं आपन खोटे ठरतो. मी सांगतो तसं करा. नवस होता म्हना. वजन उतरलं तं केसं देईन, असा आसराले नवस बोलली होती सुचिता. फेडाले उशीर झाला, म्हनून देवीच केसं नेऊन राह्यली. आता सगळ्याईच्या देखत गोटा करू, नवस फिटला, लवकी मोकळी!"

आसरा म्हणजे आमच्या विहिरीजवळ लिंबाखाली शेंदूर लावलेले दगड आहेत, ते. त्यांना आम्ही नारळ फोडतो. आजवर त्यांनी कोणाचे केस मागितल्याचं ऐकिवात नाही.

"पन सवाशीन हाय थे," नथ्थू म्हणाला. "नवरा जिता असताना गोटा?"

"तिरुपतीले बाया देतेतच," स्वप्निल म्हणाला. नवरा तोच होता.

तुळसाबाई म्हणाली, "असेही गयूनच राह्यले. ठेवून काय करते?"

विहिरीतली मोटर दुरुस्त करायची की नवीन घ्यायची, हे ठरवतात तसं त्यांनी ते ठरवलं. पोट कापलं म्हटलं तर लोक हसतील याची ज्यांना लाज, त्यांना घरातल्या बाईचं डोकं बाजाराला दाखवायला भादरायची लाज वाटली नाही. मला त्या तिघांचा फार तिटकारा आला. तो मी नेहमीप्रमाणे पुस्तक मिटून आणि पुन्हा उघडून व्यक्त केला.

दुपारी सुचिता अंडी खायला आली, पण खाल्ली नाहीत. तिनं आरशापुढे, म्हणजे माझ्या दाढीच्या छोट्या आरशापुढे, पदर मागे केला आणि कपाळाच्या वरच्या बाजूला बोट लावलं. "हे पाहा मोठे मामाजी. हात लावून पाहा. टोचते."

मी हात लावला नाही. चष्मा पुसून पाहिलं. कपाळावरच्या मोकळ्या जागेत बारीक, उभे, काळे केस फुटले होते.

"येऊन राह्यले," ती म्हणाली. "अन् आता थे कापाचं म्हनतेत. कापले का लोकं म्हनतीन नवस खरा. मंग मी जलमभर नवसाची. मंग लवकी पुन्हा सुरू, रस पुन्हा सुरू." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोला न एकडाव. तुमी शिकेल हा. तुमचं ऐकतीन."

माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही, हे तिलाही माहीत होतं. तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती म्हणाली. मी "बोलतो" म्हणालो.

मी भाषण तयार केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, केसांचे मूळ जिवंत असते," अशी सुरुवात होती. पुढे शरीर, अन्न, प्रथिनं असा क्रम होता. खोलीत म्हणताना ते बरं वाटायचं. मग वाटायचं, भगिनी आधी घ्याव्यात का.

नवसाच्या दिवशी सकाळी विहिरीजवळ सगळे जमले. स्वप्निलनं बाजारात सांगून ठेवलं होतं. गोजराबाई आली होती, तनुजा मॅडम शाळेला सुटी घेऊन आल्या होत्या, आणि दुसऱ्याचं डोकं भादरताना बघायला मिळणार म्हणून आणखी बऱ्याच बाया. आसरांपुढे हळदकुंकू, नारळ आणि एक लवकी ठेवली होती. लवकी ठेवण्याची कल्पना स्वप्निलची. तो मोबाईल उभा धरून सगळं टिपत होता आणि बोलत होता, "तं मित्रहो, आज नवस फिटून राह्यला."

गोपाल न्हावी पाट मांडून बसला होता. त्यानं वस्तरा काढला, पुन्हा ठेवला. "स्वप्निलभाऊ, सवाशिनीच्या डोस्क्याले मी वस्तरा कधी लावला नाई. जरा तुमीच सांगा, पाप तं नाई लागत?"

"देवीचं काम हाय. तू कर नं बापा."

सुचिता पाटावर बसली. तिनं मान वळवून मला गर्दीत शोधलं. मी लिंबाच्या खोडामागे होतो, अर्धा. तिला दिसलो. मी पुढे झालो. भाषणाच्या पहिल्या वाक्यात बंधू आधी की भगिनी, तिथंच अडलो. सगळ्यांचे डोळे वस्तऱ्यावर होते, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. गोपालनं वाटीतलं पाणी सुचिताच्या डोक्याला लावलं. तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "येतात परत."

तेही असं की फक्त गोपालला ऐकू गेलं. त्याचा हात थांबला. "काय म्हनता मोठे बाबा? जोरानं बोला."

सगळे वळले. स्वप्निलचा मोबाईलही वळला.

"केस," मी म्हणालो. "केस परत येतात."

"कोनाचे?"

"तिचे."

"आपसूक?"

"अंडी खाल्ली तर," मी म्हणालो.

बाया खदाखदा हसल्या. "बुढा भैसाटला, येडा झाला!" कोणीतरी म्हणालं. "नवसात अंडे आले!" भाषणातला एकही शब्द मला आठवत नव्हता. मी खाली पाहिलं.

"खरं हाय थे," सुचिता म्हणाली.

हसणं थांबलं नाही, म्हणून ती पाटावरून उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "खरं हाय म्हनते न मी! मले डॉक्टरनं सांगतलं."

"कोन्या डॉक्टरनं वं?" गोजराबाईनं विचारलं.

"ज्यानं माह्यं पोट कापलं, त्यानं."

आता मात्र विहिरीतल्या पारव्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"नागपूरले ऑपरेशन झालं माह्यं. जठर कापलं. त्यानं वजन उतरलं. नवस नाई, अन् लवकी नाई. ऑपरेशन झाल्यावर बहुतेकाईचे केसं गयतेत, मंग येतेत. माह्ये जास्त गयले, काहून का हे मले गिलास-गिलास रस पाजत. पोट वाटीएवढं, थे रसानंच भरे. मंग जेवन कुठी जाईन?"

"सुचिता, चूप बस!" स्वप्निल ओरडला. पण मोबाईल त्यानं खाली घेतला नव्हता. तो टिपतच होता.

"जाडी होती तवा तुमी हासले, मी ऐकून घेतलं," ती त्याला म्हणाली. "आता टकली म्हना. पन वस्तरा नाई लागू देनार. जे आपसूक उगून राह्यलं, थे काहून कापू मी?" तिनं पदर पूर्ण खाली टाकला आणि ओलं डोकं गोपालपुढे वाकवलं. "पाय रे भाऊ. तूच पाय अन् सांग."

गोपालनं वाकून पाहिलं. बोट फिरवलं. "हाव न बाप्पा. बारीक बारीक फुटून राह्यले. मेथीवानी." आणि त्यानं वस्तरा पुसून पेटीत ठेवून दिला. त्याची सुटका झाल्यासारखी दिसली.

मला वाटलं होतं, आता निदान एखादी बाई पुढे येऊन सुचिताच्या डोक्यावर पदर घालील. लिहिणारे अशा ठिकाणी तसं लिहितात. प्रत्यक्षात गोजराबाई म्हणाली, "म्हंजे आमी एवढे दिवस फुकटच थो कडू रस पेलो?" आणि तिथून जो गलका झाला तो सगळा रसाचा होता. तनुजा मॅडम "ही फसवणूक आहे" असं चार वेळा म्हणाल्या. एका बाईनं आसरांपुढची लवकी लाथेनं विहिरीत ढकलली. सुचिताचं डोकं भादरलं जाणार होतं, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तमाशा बुडाला याचं मात्र दोघी-तिघींना वाईट वाटलं असावं.

नथ्थू मोटर बघायला गेला. मोटर चालू होती.

आणि तुळसाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलली. "तुमीच बिघडवली थिले. अंडे चारून चारून!"

या वेळी मी खोकलो नाही.

त्यानंतर लवक्या म्हशींना घातल्या. फलक मोटरीच्या खड्ड्यावर झाकण म्हणून टाकला, रंगवलेली बाजू खाली करून. स्वप्निल सुचिताशी बोलत नाही. त्याचा तिला त्रास होतो का ते मी विचारलेलं नाही, पण पावडरचा डबा आता तिच्याजवळ असतो. तुळसाबाई भिंतीकडे परत गेली आहे. तिचं म्हणणं आता असं की पोट कापलेली सून घरात असली की बरकत राहत नाही. बाजारात मात्र तिला घेऊनच बसावं लागतं, कारण हिशोब तुळसाबाईला जमत नाही.

सुचिता डोक्यावर पदर घेत नाही. नवीन केस बोटभर झाले आहेत. तेल लावलं तरी खाली बसत नाहीत, चारी बाजूंनी उभे राहतात. बाया येता-जाता बघतात आणि कोपरानं एकमेकींना ढोसतात. ती वांगी तोलते. मधूनच डब्यातलं उकडलेलं अंडं काढून सगळ्यांदेखत खाते. मी कधीकधी पुस्तक घेऊन तिच्या मागे पोत्यावर बसतो. माझा उपयोग काही नसतो.

परवा तनुजा मॅडम आल्या. इकडे तिकडे बघत त्यांनी भेंडी निवडायचं सोंग केलं. मग वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "सुचिता, त्या नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर असेल ना गं तुझ्याकडे? माझ्यासाठी नाही. माझ्या बहिणीसाठी विचारते."

सुचितानं मोबाईल काढला आणि नंबर सांगितला.

"आणि केस..." मॅडमनी विचारलं. "सगळ्यांचेच जातात का?"

"पुष्कळ जनींचे जातेत. मंग येतेत."

"ते ठीक आहे गं. पण तोवर लोकांना काय सांगायचं?"

सुचिता अंडं सोलत होती. तिनं टरफल कागदावर ठेवलं. "वजनाचं विचारलं तं लवकीचा रस म्हना," ती म्हणाली, "अन् केसाईचं विचारलं तं नवस म्हना."

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. आता मॅडम चिडणार असं मला वाटलं. मॅडमनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

जाताना त्या शेजारच्या गोजराबाईकडून एक लवकी घेऊन गेल्या.